कर्केतली तप्त महापृथ्वी: अठरा तासांचं वर्ष

आज आपण अशा एका ग्रहाविषयी बोलणार आहोत, जिथे वर्ष संपायला एक दिवससुद्धा लागत नाही. त्याचं नाव ५५ कॅन्क्री ई. जॅनसेन हे त्याचं दुसरं अधिकृत नाव.

आधी त्याचा पत्ता सांगतो. मार्चच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास बूढापाऱ्यातल्या एखाद्या गच्चीवर उभे राहा आणि मान वर करा. कर्क रास जवळजवळ डोक्यावर असते. पुष्य नक्षत्राच्या थोडं उत्तरेला ५५ कॅन्क्री हा तारा आहे. गडद अंधाराच्या जागी तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. बूढा तलावाभोवतीच्या दिव्यांमुळे इथून तो दिसणार नाही, पण साधी दुर्बीण असेल तर सापडू शकतो. अंतर ४१ प्रकाशवर्षं. तारा आपल्या सूर्यासारखाच, थोडा लहान आणि थोडा थंड. त्याच्याभोवती पाच ग्रह सापडले आहेत. त्यातला सगळ्यात आतला तो आपला आजचा ग्रह.

महापृथ्वी म्हणजे काय?

पृथ्वीपेक्षा मोठा, पण नेपच्यूनपेक्षा लहान असा ग्रह म्हणजे सुपर-अर्थ, आपल्या भाषेत महापृथ्वी. नावात पृथ्वी आली म्हणून तिथे पाणी, झाडं, माणसं असतील असं समजू नका. हे नाव फक्त आकार आणि वस्तुमान सांगतं.

५५ कॅन्क्री ई पृथ्वीच्या सुमारे १.९ पट रुंद आणि सुमारे आठ पट जड आहे. म्हणजे तो मुख्यतः खडकाचाच असणार. पण आपल्या ताऱ्यापासून तो किती दूर आहे? पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे, त्याच्या साधारण पासष्टाव्या भागाइतका. इतक्या जवळ असल्यामुळे त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, असं मानलं जातं. त्या बाजूचा खडक वितळलेला असावा.

वर्ष मोजताना झालेली गफलत

हा ग्रह २००४ साली सापडला. ग्रह फिरताना ताऱ्यालाही किंचित हलवतो आणि त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशात बारीक फरक पडतो. त्यावरून तेव्हा त्याचं वर्ष २.८ दिवसांचं ठरवलं गेलं. २०१० साली रेबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली आणि दाखवलं, की वर्ष १८ तासांपेक्षाही थोडं कमी आहे.

एवढा फरक पडला कसा? समजा, बूढा तलावाभोवती एक गृहस्थ फेऱ्या मारताहेत आणि तुम्ही दर अर्ध्या तासानं खिडकीतून बघता. मधल्या वेळात ते एक पूर्ण फेरी मारून वर एक तृतीयांश अंतर चालले, तर तुम्हाला काय दिसेल? फक्त तो एक तृतीयांश. पूर्ण फेरी तुमच्या नजरेतून सुटली. तुम्ही म्हणाल, काका फारच हळू चालतात!

दुर्बिणीचंही तसंच होतं. तारा रात्रीच पाहता येतो, म्हणजे साधारण दर २४ तासांनी. ग्रह तेवढ्यात १.३६ फेऱ्या मारतो. पूर्ण फेरी लक्षात आली नाही, तर रोज ०.३६ फेरीच दिसते आणि मग एक वर्ष २.८ दिवसांचं वाटतं. पुढे २०११ साली अवकाशातल्या दुर्बिणींनी हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पकडला. तेव्हा ताऱ्याचा प्रकाश तीन हजारांत एक भाग इतकाच कमी होतो, पण तो बरोबर अठरा तासांच्या हिशेबानं. दुरुस्ती पक्की झाली.

हिऱ्यांचा ग्रह?

२०१२ साली येल विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की या ग्रहात कार्बन भरपूर असू शकतो आणि त्यातला बराचसा हिऱ्याच्या रूपात असू शकतो. लगेच ‘हिऱ्यांचा ग्रह’ म्हणून बातम्या झाल्या. पण त्या हिशेबाचा एक पाया होता: ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त आहे. पुढच्याच वर्षी नव्या मोजणीत उलटं दिसलं, ऑक्सिजन जास्त निघाला. पाया हलला, तसा हिऱ्यांचा दावाही कमकुवत झाला. बातमी मात्र अजून फिरते आहे.

वातावरण आहे का?

खरा प्रश्न हाच. इतक्या उष्णतेत खडकाळ ग्रहाला हवा टिकवता येते का? ताऱ्याचा मारा सगळं उडवून लावायला हवा.

जेम्स वेब दुर्बिणीनं यासाठी साधी युक्ती वापरली. ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्याआधी दोघांची मिळून उष्णता मोजायची, तो मागे गेला की फक्त ताऱ्याची. वजाबाकी केली, की ग्रहाची उष्णता उरते. उघडा खडक असता तर तापमान २,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास यायला हवं होतं. आलं साधारण १,५०० अंश. म्हणजे बरीच उष्णता दुसरीकडे वाहून जाते आहे, आणि ती वाहून न्यायला काहीतरी हवं. २०२४ च्या मे महिन्यात हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड असलेलं वातावरण असावं आणि खालच्या लाव्ह्याच्या समुद्रातून त्याची भरपाई होत असावी, असा अंदाज आहे. ‘असावं’ हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण वेगवेगळ्या वेळच्या मोजण्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत.

आपल्याकडचं काम

अशा मोजण्या आपल्याकडेही होतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीला ‘पारस’ हे यंत्र जोडलं आणि २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूरच्या एका ग्रहाचं वस्तुमान मोजलं. तो पृथ्वीच्या २७ पट जड आणि सहापट रुंद, म्हणून महापृथ्वीत बसत नाही. पण साडेएकोणीस दिवसांचं वर्ष आणि ६०० अंशांच्या आसपास तापमान म्हणजे तोही तापलेलाच.

आता कोणी ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा व्हिडिओ पाठवला, तर तीन प्रश्न विचारा. वस्तुमान मोजलंय की अंदाज आहे? तारा किती जवळ आहे? वातावरण दिसलंय की असावं असं वाटतंय? एवढ्यानं निम्म्या बातम्या गळून पडतील, आणि ज्या उरतील त्या वाचताना जास्त मजा येईल.

आज इथेच थांबू.