मांड्या भरदार, मणका कच्चा

रोज शंभर किलोमीटर सायकल मारणाऱ्याची हाडं दणकट असणारच, असं आपण धरून चालतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या पोरांच्या पोटऱ्या पाहिल्या की तसं वाटणं साहजिकच आहे. पण हाड घामानं घट्ट होत नाही, हादऱ्यानं होतं. धावताना पावलागणिक जमिनीचा धक्का बसतो आणि त्या धक्क्यानं जागं होऊन शरीर नवं हाड घालतं. सायकलवर वजन सीट, हँडल आणि पॅडलवर वाटलं जातं. पाय गोल फिरतात, आदळत कुठेच नाहीत. गुडघेदुखीवाल्याला डॉक्टर सायकल सुचवतात ते याच गुणासाठी, आणि तासन्‌तास सराव करणाऱ्या स्पर्धकाला हाच गुण बाधतो. ‘हाडं विरळ होणं हा तर म्हाताऱ्या बायांचा आजार’ असं म्हणणाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास लक्षात घ्यावा. त्यातल्या ६३ टक्के पुरुष सायकलपटूंची हाडं कंबरेच्या मणक्यात किंवा खुब्यात विरळ निघाली. धावपटूंत हेच प्रमाण १९ टक्के होतं.

‘वऱ्हाडात उन्हाला काय तोटा, आणि पोरगा दूधही पितो’, हा आक्षेप ठरलेला. ऊन आहे, पण मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून सराव पहाटे उरकतो, तोही पूर्ण बाह्यांच्या जर्सीत. पहाटेच्या तिरप्या किरणांत ‘ड’ जीवनसत्त्व जवळपास बनतच नाही. ते मिळालं, दिवसाचं १००० मिलिग्रॅम कॅल्शियमही पोटात गेलं, तरी ते फक्त बांधकामाचं सामान झालं. गवंड्याला कामाला लावतो तो हादराच. त्यात घाटासाठी वजन उतरवायचं म्हणून भाकरी अर्धी करण्याची खोड वाईट. उपाशी शरीर आधी संप्रेरकांत काटकसर करतं, मग हाडांत. मुलींची पाळी थांबते ती याच वेळी, आणि ‘सरावानं होतं असं’ म्हणून ती गोष्ट घरात दाबली जाते. मला हे सगळ्यांत घातक वाटतं.

म्हणून सायकल सोडायची का? मुळीच नाही, हृदयाला आणि फुप्फुसांना ती मोलाचीच आहे. तिला जोड हवी. कबड्डीतले झटके, दोरीवरच्या उड्या, वजन घेऊन बैठका, आठवड्यातून दोन-तीन दिवस. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, तिथं हे नव्यानं शिकवावं लागू नये. ‘बैठकांनी मांड्या जड होतील, वेग जाईल’ ही भीती प्रशिक्षकही बोलून दाखवतात. पण शर्यतीत पडणं कुणाला चुकत नाही, आणि विरळ झालेला खुबा मोडला तर आख्खा हंगाम जातो. मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली, किंवा साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर सराव वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करायची का, ते विचारा.