शंभर रुपये आणि तीन विश्वस्त

‘मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणीची फी शंभर रुपये,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘शंभर? तेवढ्यात तर इथवर रिक्षाही आली नाही,’ आजोबा म्हणाले.

विशेष मुलांच्या आईवडिलांच्या तोंडून ‘आमच्यामागे याचं काय?’ हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्याचं उत्तर कागदावर कसं उतरतं ते बघायला पुण्यातल्या या वकीलबाईंकडे मी येऊन बसले होते. आजी-आजोबांचा मुलगा अडतीस वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर. सोसायटीत मुलीचं नाव नॉमिनी म्हणून लावलं आणि काम झालं, अशा समजुतीत इतकी वर्षं गेली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे इथं कळलं. घर थेट मुलाच्या नावावर केलं तर गोड बोलून कुणीही त्याची सही घेईल. मुलीला द्यावं, तर आजींचं म्हणणं, ‘ती करेलच हो. पण तिच्यामागे?’

म्हणून ट्रस्ट, पण आजच्या आज नाही. आज घर ट्रस्टला द्यायचं तर नोंदणीकृत दस्त आला, मुद्रांक शुल्क आलं, आणि म्हातारपणी स्वतःच्याच घरात पाहुणं होणं आलं. १८८२च्या भारतीय विश्वस्त कायद्यानुसार स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट मृत्युपत्रातूनही करता येतो. दोघांची दोन मृत्युपत्रं. आधी जाणाऱ्याचा हिस्सा मागे राहणाऱ्याला, आणि दोघंही गेल्यावर सगळं ट्रस्टला. तोवर या ट्रस्टचं ना बँकेत खातं, ना पॅन कार्ड. मन बदललं तर शुद्धीत असेपर्यंत कागद बदलता येतो.

मसुदा भरभर झाला. गाडी अडली ती विश्वस्तांपाशी. आजींनी भाच्याला फोन लावला. ‘करीन की मावशी,’ तो म्हणाला, ‘पण म्हणजे मला नेमकं काय करावं लागेल?’ वकीलबाईंनी त्याच्या नावापुढे पर्यायी नावासाठी जागा सोडली. विश्वस्त व्हायची सक्ती कायदा कुणावरच करत नाही. नाव लिहिलेला माणूस ऐन वेळी सरळ नाही म्हणू शकतो. बाकी दोघं म्हणजे घरचे सीए आणि मुलगा जातो त्या कार्यशाळेतल्या ताई.

विश्वस्त मालमत्ता सांभाळणार. मुलाचा कायदेशीर पालक ही निराळी गोष्ट. मूल अठराचं झालं की आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ‘मग वीस वर्षं मी त्याचा कोण होतो?’ आजोबांनी विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

आजींचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. ‘त्याला ढोल-ताशा सोसत नाही. गणपतीत कानात कापूस लागतो. हे कुठल्या कलमात लिहायचं?’ मृत्युपत्रात नको, वेगळं पत्र करा, असं वकीलबाईंनी सुचवलं. आजींनी चार पानं लिहून आणली. बटणांचा शर्ट नको. संध्याकाळी दही नको. एक ओळ मी उतरवून घेतली: ‘रागावला की दार लावून घेतो. दार वाजवू नये, बाहेर बसून राहावं.’

नोंदणीच्या दिवशी दोन साक्षीदार, सह्या, फोटो, अंगठे. भांडी घासून झिजलेला आजींचा अंगठा यंत्र काही घेईना. ‘आजी, दाबू नका, नुसता ठेवा,’ असं म्हणत कारकुनाने ओल्या रुमालाने तो पुसला, मग उमटला. अशी नोंदलेली मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात जातात. करणारा हयात असेपर्यंत त्यांची नक्कल परक्याला मिळत नाही.

सरकारी बाजू इतकी सोपी आणि शंभर रुपयांची आहे म्हणूनच ‘ट्रस्ट केला की निश्चिंत’ हे वाक्य मला पटेनासं झालं. घर सांभाळायची व्यवस्था शंभर रुपयांत होते. दाराबाहेर बसून राहणारं माणूस त्यात मिळत नाही. भाच्याने फोनवर विचारलं होतं त्याचं खरं उत्तर त्या चार पानांत आहे. वकीलबाईंनाही ते ठाऊक असावं. दोघं हयात आहेत तोवर प्रत्येक विश्वस्ताने अधूनमधून एखादा दिवस मुलासोबत घालवावा, अशी त्यांची अट आहे. कायद्यात ती कुठेच नाही.

कार्यशाळेतल्या ताई जातात. सीए म्हणाले, मार्च संपू दे. भाच्याला चार पानांचे फोटो पाठवलेत. त्याने अंगठा दाखवलाय, आलेला मात्र नाही.