ज्याच्या कवितेवरून टीमला नाव दिलं, त्याच लेखकाच्या घराला शहराने कुलूप का लावलं?

३ फेब्रुवारी २०१३. अमेरिकन फुटबॉलमधली सगळ्यात मोठी मॅच म्हणजे सुपर बोल. ती 'बाल्टिमोर रेव्हन्स'ने जिंकली आणि बाल्टिमोर शहरात एकच जल्लोष झाला. या टीमचं नाव एडगर ॲलन पो या लेखकाच्या 'द रेव्हन' या कवितेवरून ठेवलेलं आहे.

गंमत म्हणजे, त्याच दिवशी त्याच शहरात पोच्या घराला कुलूप होतं. कारण होतं वर्षाला ८५ हजार डॉलरचा निधी.

पो एवढा महत्त्वाचा का?

१८०९ मध्ये जन्मलेला पो भयकथांसाठी जगभर ओळखला जातो. पण त्याची आणखी एक ओळख आहे. शेरलॉक होम्स १८८७ मध्ये आला. त्याच्या ४६ वर्षं आधी, १८४१ मध्ये, पोने द्यूपां नावाचा हुशार शोधक उभा केला होता. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात तिथूनच मानली जाते.

या घरात काय घडलं?

ॲमिटी स्ट्रीटवरचं हे विटांचं छोटंसं घर. साधारण १८३३ ते १८३५ या काळात पो इथे राहिला. सोबत आजी, आत्या मारिया क्लेम आणि तिची मुलगी व्हर्जिनिया, जिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं. याच काळात, १८३३ मध्ये, एका साप्ताहिकाच्या कथास्पर्धेत त्याला ५० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि लेखक म्हणून त्याचं नाव होऊ लागलं.

पुढे १९३० च्या दशकाच्या शेवटी या भागातली जुनी घरं पाडून सरकारी वसाहत बांधायचं ठरलं. तेव्हा बाल्टिमोरच्या पो सोसायटीने प्रयत्न करून हे घर वाचवलं. १९४९ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं.

मग पैसे का थांबले?

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांप्रमाणे बाल्टिमोरच्या तिजोरीतही खड्डा पडला. २०१० मध्ये शहराने संग्रहालयाचा वार्षिक निधी बंद केला आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवायला सांगितलं. काही काळ शिलकीतल्या पैशांवर गाडा चालला. २८ सप्टेंबर २०१२ ला दरवाजे बंद झाले.

तिकीट वाढवून भागलं नसतं का?

लेखकांच्या घरांची खरी अडचण इथेच आहे. छप्पर गळलं की दुरुस्ती करावी लागते. वीज, विमा, पगार हे खर्च पाहुणे पाच असोत की पन्नास, टळत नाहीत. दुसरीकडे कमाईला मर्यादा. अरुंद जिना आणि माळ्यावरची बुटकी खोली असलेल्या घरात एका वेळी माणसं मावणार तरी किती? त्यात हे घर पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर नाही. ते गरीब वस्तीत आहे. आणि भिंती पाडून जागा वाढवावी, तर जे बघायला लोक येतात तेच उरत नाही.

पुढे काय झालं?

'पो बाल्टिमोर' ही ना-नफा संस्था उभी राहिली. इमारतीची मालकी शहराकडेच राहिली, पण संग्रहालय चालवण्याची जबाबदारी संस्थेने घेतली. २०१३ मध्येच घर पुन्हा उघडलं. म्हणजे शेवट गोड झाला. पण त्यासाठी पैसे आणि वेळ देणारी माणसं मिळावी लागली. पोइतकं नाव नसलेल्या लेखकाच्या घरासाठी ती मिळतीलच, याची खात्री कोण देणार?

या घराच्या इतिहासात हे आधीही घडलंय. पोच्या आजीचे पती अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात होते. त्यामुळे तिला वर्षाला २४० डॉलर पेन्शन मिळायचं. घरखर्चाचा मोठा आधार तोच. जुलै १८३५ मध्ये आजी गेली आणि पेन्शन थांबलं. त्यानंतर काही आठवड्यांतच पो कामाच्या शोधात रिचमंडला निघून गेला आणि त्याच वर्षी आत्या आणि व्हर्जिनियाही त्याच्याकडे गेल्या.

सरकारी पैसा थांबला आणि घर रिकामं झालं. २०१२ मध्ये तेच पुन्हा झालं.