वर्ध्याच्या रस्त्यावर हवानाचा ठेका

लग्नसराईत वर्ध्यात बँड निघतो, तेव्हा ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांच्या मागे दोन-तीन पोरं खुळखुळे हलवत चालत असतात. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वाजवता काही येत नसलं, तरी गणवेश चढवून रांग भरायला ती बरी पडतात. हे खुळखुळे म्हणजे माराकास. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींनी भोपळ्यासारखं फळ वाळवून, आत बिया भरून ते पहिल्यांदा वाजवले. आर्वी-हिंगणघाटच्या वरातीपर्यंत त्यांना आणलं सिनेमानं, आणि त्या सिनेमावाल्यांतले दोघे आपल्याच विदर्भाशी बांधलेले होते. हे आपण फारसं सांगत नाही, सांगायला हवं.

आधी मूळ पाहू. क्युबात स्पेनची गिटार आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा, कोंगो लोकांचे ढोल उसाच्या मळ्यांत आणि बंदरांत एकमेकांना भेटले. हवाना आणि मातान्सासच्या गोदीत ढोल हाताशी नसले, तर खारवलेल्या मासळीच्या रिकाम्या पेट्या बडवून रुंबा रंगायचा. या सगळ्याचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांडक्यांचा ठोका. तो समजायला त्रिताल येणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. सोळा मात्रा मोजा आणि टाळी द्या १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन; मधेच तोल गेल्यासारखा वाटतो आणि तेराव्या मात्रेवर सावरतो. आता तिसरी टाळी सातवीऐवजी आठवीवर टाका, की झालं रुंबाचं क्लावे. मूळ ठोक्यातली शेवटची टाळी चौदावीवर सरकवली, की आपण क्युबातून थेट ब्राझीलच्या बोसा नोव्हात. एवढ्याशा सरकण्यानं देश बदलतो!

क्युबाच्या 'सोन'च्या परंपरेवर न्यूयॉर्कच्या क्युबन आणि पोर्तो रिकन वस्त्यांत १९६०-७० च्या दशकांत सालसा उभा राहिला. मांबो आणि चा-चा-चा त्याआधीचे, तेही क्युबाचेच. सांबा रिओचा, कुंबिया कोलंबियाचा, मेरेंगे आणि बचाता डोमिनिकन प्रजासत्ताकाचे. टँगोला मी इथं हात लावत नाही, त्याला स्वतंत्र लेखच लागेल.

मुंबईत हे सूर उतरले ते मोठ्या हॉटेलांतल्या नाचाच्या बँडांमधून. वाजवणारे बहुतेक गोंयकार. चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी नोटेशन झरझर वाचत, म्हणून सिनेमालाही हवीशी होती. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, हा त्यांच्यातला तारा. तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेले. आणि 'अलबेला' (१९५१) काढणारे, त्यात नाचणारे भगवानदादा पालव जन्मले अमरावतीत. त्या चित्रपटात चिक चॉकलेटचा बँड झालरीच्या बाह्या घालून पडद्यावरही दिसतो. बोंगो तर असा कडकडतो, की सिनेमात त्याला ढोलकीशेजारी कायमची जागा मिळाली. बोंगो, काँगो, माराकास ही लॅटिन तालवाद्यं हिंदी चित्रपटात रुजवण्याचं मोठं श्रेय मुंबईचे पारशी वादक कावस लॉर्ड यांना जातं.

त्याआधी सी. रामचंद्रांच्याच 'समाधी'त (१९५०) लता आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गोऱ्या पोराला हाक मारत गायलेलं गाणं लंडनच्या एडमुंडो रॉसच्या लॅटिन चालीवरून घेतलेलं. चोरी म्हणणारे म्हणोत. ज्या माणसानं पुढं 'अनारकली'च्या (१९५३) चाली बांधल्या, त्याला स्वतःचं काही सुचत नव्हतं म्हणून त्यानं ही उचलली, असं मला तरी वाटत नाही.

पुढची मजल राहुलदेव बर्मन यांची. 'पती पत्नी'त (१९६६) त्यांनी आशाबाईंकडून बोसा नोव्हाच्या चालीत गाऊन घेतलं. 'पडोसन'मधल्या (१९६८) खिडकीच्या गाण्यात तर खरखर यावी म्हणून चक्क केसांचा कंगवा खरडला. हीच खरखर ब्राझीलच्या खाचांच्या वाद्यातून, रेसो-रेसोतून, काढणारे त्यांचे वादक अमृतराव काटकर. त्या वाद्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं.

आज संदल आणि डीजेच्या जमान्यात पोरांच्या कानावर पोर्तो रिकोचा रेगेटॉन आहे. २०१७ चं 'देस्पासितो' सगळ्यांना पाठ. त्याखालचा ठोका म्हणजे तीन, तीन, दोन अशा आठ मात्रा: क्लावेचा पहिला अर्धा भाग, तेच १, ४, ७. केहरव्याच्या आठ मात्रांत तो चपखल बसतो, त्यामुळे डीजेला हिंदी गाण्यावरून तिकडे उडी मारायला फारशी कसरत लागत नाही.

ऐकायला सुरुवात करायची, तर १९९७ चा 'ब्वेना विस्ता सोशल क्लब' हा अल्बम घ्या. त्यात विसरले गेलेले क्युबन म्हातारे गातात. कोंपाय सेगुंदो नव्वदीला टेकलेले, तर इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूटपॉलिश करणारे. मग लागलीच 'अलबेला' लावा आणि चाल सोडून नुसता बोंगो ऐका.