मधल्या सुट्टीतली मैत्री

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलाला मित्र नाहीत असे दिसले, की उपाय त्या मुलातच शोधला जातो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल, हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रे ओळख, ‘तू कसा आहेस’ असे आधी विचार. अशी तालीम आठवड्यामागून आठवडे चालते, आणि मधल्या सुट्टीत ते मूल पुन्हा भिंतीच्या कडेने एकटेच फिरते. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण भांडणाबद्दल सांगतो. मैत्रीच्या बाबतीत मात्र सोयीने विसरतो. तालीम एकाच बाजूच्या वाट्याला येते, ही माझ्या मते यातली मूळ चूक आहे. अशी एकतर्फी तालीम अन्यायाची तर आहेच, शिवाय फारशी उपयोगाचीही नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये या अवस्थेचे पहिले गाजलेले वर्णन केले, तेव्हा त्यांना सर्वात ठळक वाटला तो मुलांचा एकटेपणा. त्यावरून ‘यांना माणसे नकोच असतात’ हा समज पक्का झाला. पण 2000 साली नीरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी यांनी बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांनाच त्यांच्या एकाकीपणाबद्दल विचारले, तेव्हा इतर मुलांपेक्षा ती अधिक एकाकी असल्याचे पुढे आले. एकांत ज्यांना खरोखर प्रिय असतो अशी माणसे असतात, त्यांना बळेच घोळक्यात ढकलू नये. मात्र एकटे बसलेले प्रत्येक मूल एकटेपणा निवडून बसलेले नसते.

याच कसारी यांनी अमेरिकेतल्या नेहमीच्या प्राथमिक शाळांमध्ये केलेला एक प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 60 स्वमग्न मुले होती. काहींना स्वतंत्रपणे सामाजिक कौशल्ये शिकवली. काहींच्या बाबतीत त्यांना काहीच न शिकवता वर्गातल्या तीन मुलांना शिकवले: मैदानावर कोण एकटे पडले आहे ते कसे हेरायचे, त्याला खेळात कसे ओढायचे. कोणाकडे लक्ष द्यायचे, त्याचे नाव सांगितले नव्हते. काही मुलांना दोन्ही मिळाले, काहींना यातले काहीच नाही. हे सारे सहाच आठवडे चालले. नंतर वर्गातल्या मुलांना ‘तुमचे मित्र कोण’ असे विचारले, तर ज्यांच्या सोबत्यांना शिकवले होते त्यांची नावे अधिक वेळा आली, आणि मैदानावर ती कमी एकटी दिसली. मुलाला एकट्याला शिकवून हे साधले नाही. यादीत नाव येणे म्हणजे जिवलग मैत्री नव्हे, हे मान्य. तरी सुरुवात कोणत्या बाजूने करावी, याचा यातून अंदाज येतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 मध्येच त्यांनी मांडले, की न समजण्याची अडचण दुहेरी असते: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी त्याचे कुठे कळते? 2017 मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न व्यक्तींच्या बोलण्याचे छोटे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले. काही सेकंदांतच मत प्रतिकूल झाले. तेच बोलणे केवळ लिहून वाचायला दिले, तेव्हा तो आकस उरला नाही. म्हणजे अडत होते ते आवाज, चेहरा आणि हालचालींपाशी. स्वमग्न माणसे आपापसांत माहिती अगदी नीट पोचवतात, मिश्र गटांत मात्र ती गळते, असे 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या एका अभ्यासात दिसले होते. 2025 च्या मोठ्या अभ्यासात मात्र स्वमग्न, इतर आणि मिश्र अशा तिन्ही प्रकारच्या गटांनी सारखीच माहिती पोचवली. मिल्टन यांचे चाहते या निकालाने हिरमुसले असतील, पण माझ्या मुद्द्याला त्याने बळच येते. मिश्र गटातही संवाद होऊ शकतो. दार बंद होते ते पहिल्याच नजरेत.

यावर पालकांचा आक्षेप रास्त आहे: जग बदलेल तेव्हा बदलेल, माझ्या मुलाला उद्या कॉलेजात जायचे आहे. कौशल्ये शिकवूच नयेत, असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत घडवलेल्या ‘पीअर्स’ कार्यक्रमात किशोरांबरोबर पालकांचाही वर्ग असतो. तिथे मोठ्यांना शोभून दिसणारे वागणे न शिकवता मुले प्रत्यक्षात कशी वागतात ते शिकवतात. कोणी चिडवले तर बाईंकडे धाव घेण्याऐवजी एखादे बेफिकीर, तुटक उत्तर देऊन मोकळे व्हायचे. हे कामाचे आहे. पण दिवसभर स्वतःला लपवून ‘नॉर्मल’ दिसणे हे ध्येय झाले, तर थकवा येतो, आणि असे लपवणे नैराश्याशी निगडित असल्याचे अभ्यास सांगतात. शिवाय जो मित्र मिळतो, तो त्या मुखवट्याचा.

त्यापेक्षा आवडीच्या गोष्टीभोवती माणसे जमवणे सोपे पडते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांना दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात दोन मुले आपापले लेगो घेऊन एकत्र रमलेली दिसली. त्यातून त्यांनी पद्धतच बसवली: एकाने आराखडा सांगायचा, दुसऱ्याने तुकडे शोधून द्यायचे, तिसऱ्याने जोडायचे, मग भूमिका बदलायच्या. बोलावे लागते, पण ते कामापुरते. जी मुले फारसे बोलत नाहीत, त्यांच्यावर संशोधनच थोडे झाले आहे; त्यांच्यासाठी शेजारी बसून आपापले काम करणे, हीसुद्धा सोबत मानायला हवी. लेगोच पाहिजे असे नाही. आपल्याकडे बुद्धिबळाचा पट किंवा रेल्वेचे वेळापत्रकही चालेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. पण मधली सुट्टी हा कोणाच्याच वेळापत्रकातला विषय नाही. वाचनालयाचा कोपरा त्या अर्ध्या तासासाठी उघडा ठेवणे आणि दोन-तीन मुलांना आधी तयार करणे, एवढे एका शिक्षिकेला जमण्यासारखे आहे. घरीही मुलगा तासभर कोणाशी तरी मालगाड्यांच्या इंजिनांवर मोबाइलवर टाइप करत बसला असेल, तर पलीकडे कोण आहे एवढी खात्री पालकांनी जरूर करून घ्यावी, पण ती ‘खरी’ मैत्री नव्हे म्हणून फोन काढून घेऊ नये.