बीईजी म्हणजे लष्कराचे गवंडी?

पुण्याच्या दिघी-खडकी पट्ट्यात 'बीईजी' हे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते लष्कराचं बांधकाम खातं, हा समजही तितकाच पक्का. पण बराकी, क्वार्टर्स, पाण्याच्या टाक्या यांचं काम मुख्यतः एमईएसकडे, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे असतं. बीईजी म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, इंग्रजी अमदानीतले बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स. सुरुंग, पूल, खंदक ही त्यांची कामं. त्यावरून लोक धरून चालतात की हे लढाईच्या मागे राहणारे. खरं तर उलट आहे. सुरुंग पेरलेल्या वाटेवर रणगाड्याच्याही आधी सॅपर असतो.

आणि वेळ आली की तो सरळ बंदूकही उचलतो. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात या दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७व्या शिखांसोबत पायदळासारख्या घुसल्या. घराघरातून संगिनींची लढाई झाली. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले.

'शौर्यपदकं चढाई करणाऱ्यांनाच' हा आणखी एक समज. सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत १९४१च्या सुरुवातीला ॲबिसिनियात या दलाच्या २१ फील्ड कंपनीत होते. चार दिवसांत ५५ मैल वाट त्यांनी मोकळी केली, १५ सुरुंगक्षेत्रं काढली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर गेली, कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस त्यांनी घेतला नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे काम किती नाजूक? संगिनीनं सुरुंग शोधायचा तर पालथं पडून टोक तिरकं खुपसावं लागतं, म्हणजे ते सुरुंगाच्या कडेला लागतं. सरळ वरून दाबलं की संपलं.

इंग्रज गेले तेव्हा दल इथंच राहिलं. कारवारकडचे राम राघोबा राणे १९४० साली यातच साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले. एप्रिल १९४८मध्ये, काश्मीरच्या लढाईत, नौशेरा-राजौरी वाटेवर ते सेकंड लेफ्टनंट होते. मांडीला जखम झालेली, समोरून मशीनगनचा मारा चालू. राणे रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्या आडोशानं रांगत पुढं निघाले. चालकाशी बोलणं शक्य नव्हतं, म्हणून दोन दोर बांधले: एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. झाडं तोडून घातलेले अडथळे आणि सुरुंग काढत त्यांनी वाट मोकळी केली. १२ एप्रिलला राजौरी हाती आली, आणि राण्यांना परमवीरचक्र मिळालं.