जुन्या सायकलीचे सुटे भाग

माळ्यावर किंवा जिन्याखाली वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली आजोबांची सायकल एखाद्या सुटीच्या दिवशी नातू अंगणात आणून उभी करतो. चिमट्यावरचे काळे रोगण उडालेले असते, साखळी गंजून एकजीव झालेली असते. परंतु पायडलाजवळच्या दातेरी चक्रात कोरलेले बगळे अजूनही स्पष्ट दिसतात, आणि ही सायकल रॅले आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. ती पूर्ववत करण्याचा संकल्प तेथल्या तेथे सोडला जातो. अडचण सुरू होते ती सुट्या भागांपाशी. आणि येथे घाईने केलेली एक चूक पुष्कळदा कायमची ठरते.

रॅले, बी.एस.ए., हर्क्युलस, फिलिप्स, हंबर या सायकली इंग्लंडातून येत असत. पुढे १९४९ साली मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपत येथे अ‍ॅटलास आणि १९५६ साली लुधियान्यास हीरो असे कारखाने निघाले. आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. या देशी सायकलींनी जुना इंग्रजी साचाच उचलला. पुढच्या चाकाला ३२ तारा व मागच्या चाकाला ४०, दांडीचे ब्रेक आणि २८ × १½ इंची टायर, ही घडण येथे अनेक दशके टिकली. त्यामुळे इंग्लंडातील हौशी माणसाला जो टायर शोधून मिळवावा लागतो, तो आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात खुंटीला टांगलेला आढळतो. मात्र ‘२८ इंची’ एवढ्याच शब्दावर विसंबू नये. त्या नावाखाली वेगवेगळ्या व्यासाच्या रिमा मोडतात. दांडीच्या ब्रेकच्या सायकलीला लागणाऱ्या टायरवर ६३५ हा आकडा असतो. ६२२ आकड्याचा टायर तिला कितीही ओढून बसविला तरी बसत नाही.

टायर चुकला तर पैसे जातात. आटे चुकले तर सायकलच जाते. पायडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आटे पाडलेले असतात व त्यांत पोलादी कप फिरवून बसवितात. बहुतेक ब्रिटिश कारखाने इंचास २४ आटे ठेवीत. रॅलेने आपल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात २६ ठेवले. २४ आट्यांचा कप २६ आट्यांच्या नळीत एकदोन फेरे निमूटपणे जातो आणि मग अडतो. गंजामुळे अडला असेल असे समजून मिस्त्री पान्याला लोखंडी नळी जोडून जोर लावतो, आणि साठ-सत्तर वर्षे धड राहिलेले आटे पाच मिनिटांत कापून निघतात. खात्री करून घेण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जुना आणि नवा कप एकमेकांना भिडवून उजेडासमोर धरावा. आट्यांत आटे पूर्ण बसले आणि मध्ये फट दिसली नाही, तरच पुढे जावे. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात ठेवावे. तो सोडविण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस तो सैल करण्याच्या भरात अधिकच आवळीत असतो.

खरे पाहता कप बदलण्याची गरजच पुष्कळदा नसते. रॉकेलने धुऊन पुसल्यावर आतील वाट गुळगुळीत निघाली, तर केवळ छर्रे नवे घालावेत. पाव इंची, प्रत्येक बाजूस अकरा. खर्च अगदी किरकोळ. वाटेत खड्डे पडलेले असतील तरच नव्या कपाचा शोध घ्यावा.

क्रँक आसाला जखडणारी कॉटर ही दिसण्यात क्षुल्लक, पण तिच्यावर माणसाचा सारा भार येतो. रॅलेला ती साडेनऊ मिलिमीटर जाडीची लागते. स्वस्त कॉटर मऊ लोखंडाची असते. काही आठवड्यांतच ती दबते आणि प्रत्येक फेऱ्यास पायाखाली ‘टक्’ असा धक्का जाणवू लागतो. पुढे एखाद्या चढावर, स्वार पायडलावर उभा असताना ती सरकली, तर तो तोंडघशी पडतो. दोन्ही कॉटरींचा उतार सारखा घासून त्या परस्परविरुद्ध दिशांनी बसवाव्यात आणि ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा. नाही तर हातोड्याचा घाव थेट छर्ऱ्यांवर बसतो.

असे भाग मिळवावयाचे कोठे? दिल्लीचे झंडेवालान, कलकत्त्याची बेंटिंक स्ट्रीट, लुधियान्याचा गिल रोड ही नावे जाणकारांच्या तोंडी असतात. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारातही नशिबाने एखादी वस्तू हाती लागते. मात्र ल्यूकसचा दिवा किंवा घंटी हौशी गिऱ्हाईक ओळखून विकली जाते, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असा ठसा मारणे काही अवघड नाही. अस्सल ठशाची अक्षरे रेखीव व समान खोलीची असतात. त्यापेक्षा आडगावातील, बंद होत आलेले जुने सायकलचे दुकान अधिक फलदायी. तेथील फळीवर तेलकट कागदात गुंडाळलेले, कधीच न वापरलेले सुटे भाग निघू शकतात. दुकानदारही बहुधा वयस्क असतो. घाई न करता दोन घटका त्याच्याशी बोलत बसले, तर तो उठून आतल्या खोलीतील पेटी उघडतो.

तीन गतींच्या स्टर्मी-आर्चर हबवर, विशेषतः युद्धोत्तर काळातील, वर्ष आणि महिना यांचे आकडे कोरलेले असतात. सांगाडा १९५० चा आणि हब १९६२ चा निघाला, तर काही संग्राहक नाक मुरडतात. तसे करण्याचे कारण नाही. मालकाने सायकल चालविली, झिजली तेव्हा दुरुस्त केली, एवढेच त्यावरून कळते. म्हणूनच नवा भाग बसविल्यावर काढलेला जुना भाग भंगारात देऊ नये. तेलाचा हात फिरवून तो कापडी पिशवीत बांधावा, आत चिठ्ठीवर तारीख लिहावी आणि पिशवी सायकलीजवळच खुंटीला अडकवून ठेवावी.